कागदी लग्ने आणि खरे संसार

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि सग्यासोयऱ्यांच्या साक्षीने गाठ बांधली गेली की लग्न पूर्ण झाले, अशी आपल्या समाजाची पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. परंतु वधूला किंवा वराला देशाची सीमा ओलांडावयाची असेल, तर या साक्षीदारांत आता आणखी एकाची भर पडली आहे. तो म्हणजे परदेशी वकिलातीतील व्हिसा अधिकारी. त्याचे समाधान झाल्याखेरीज लग्न लागते खरे, पण संसार सुरू होत नाही. हे लग्न खरे की केवळ परदेशात शिरकाव करून घेण्यासाठी रचलेले, याचा निवाडा तो करतो. आणि त्याच्या एका शेऱ्यावर दोन कुटुंबांचे सुखदुःख अवलंबून राहते.

गोमंतकात हा विषय परका राहिलेला नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत असा गाव विरळा, की जेथील एखादे तरी बिऱ्हाड आखातात, विलायतेत, अमेरिकेत वा कॅनडात नाही. मुलीला स्थळ सांगून येते तेव्हा कुळ, घरदार आणि शिक्षण यांच्या जोडीला ‘पारपत्र कोणते?’ हा प्रश्नही आता निःसंकोचपणे विचारला जातो. म्हणूनच व्हिसासाठी होणाऱ्या बनावट विवाहांचा प्रश्न हा इतरेजनांचा, असे म्हणून आपल्याला तो टाळता येणार नाही. या व्यवहारात फसवणारे आहेत, फसवले जाणारे आहेत, आणि कोणालाही न फसवता संशयाचे धनी झालेलेही आहेत. या तिसऱ्या वर्गाविषयी सर्वांत कमी बोलले जाते, हे आमचे दुःख आहे.

प्रथम बनावट विवाह म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यात नोंदणी खरी असते, सह्या खऱ्या असतात, साक्षीदार खरे असतात. खोटा असतो तो हेतू. एकत्र नांदण्याची इच्छा दोघांपैकी एकालाही नसते. एकाला मुक्कामाचा परवाना हवा असतो आणि दुसऱ्याला पैसा. हा प्रकार का बोकाळला, याचे कारणही उघड आहे. श्रीमंत देशांनी परदेशी कामगारांसाठी दरवाजे एकामागून एक बंद केले. ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांचा मुक्त प्रवेश रोखला आणि १९७१ च्या कायद्याने तो आणखी आवळला. अमेरिकेने इतरांसाठी वार्षिक मर्यादा घातल्या. मात्र आपल्या नागरिकांच्या पतिपत्नींना त्या मर्यादेबाहेर ठेवले. घराचे सगळे दरवाजे बंद करून एकच खिडकी उघडी ठेवली, की पाहुणा आणि चोर दोघेही तिच्याचकडे वळणार, हे ओघानेच आले.

ही चोरी काल्पनिक नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने १९४५ साली आपल्या सैनिकांच्या परदेशी जोडीदारांना सुलभ प्रवेश देणारा कायदा केला. दोनच वर्षांत, १९४७ साली, पॅरिसमध्ये माजी सैनिकांशी केवळ प्रवेशापुरती लग्ने लावण्यात आली. त्या खटल्यातील शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली कायम केल्या. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे, तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट लिओनर्ड्स येथील एका पाद्र्याने चार वर्षांत तीनशेहून अधिक बनावट विवाह लावल्याचे सिद्ध होऊन २०१० साली त्याला कारावास झाला. ज्यांना देशात राहण्याचा हक्क नव्हता असे पुरुष आणि पूर्व युरोपातून आलेल्या गरजू स्त्रिया यांच्या जोड्या दलालांनी पैसे मोजून जुळविल्या होत्या. देवघराचा असा बाजार मांडणाऱ्यांविषयी कोणालाही सहानुभूती वाटण्याचे कारण नाही.

आपल्या देशातही पंजाबात या धंद्याने निराळेच रूप घेतले. इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळविलेल्या मुलीचा कॅनडातील शिक्षणाचा खर्च वराच्या घरच्यांनी उचलावयाचा आणि मोबदल्यात तिने पत्नी या नात्याने वराला तिकडे बोलावून घ्यावयाचे, असे करार होऊ लागले. शेत विकून वा गहाण टाकून पैसा उभा राहिला, मुलगी गेली आणि मग तिचा फोन लागेनासा झाला, अशा तक्रारी तेथील पोलीस ठाण्यांत पोहोचल्या. उलट पक्षी, पुरेशी ओळखदेख नसताना केवळ खर्चाची सोय म्हणून ज्यांची लग्ने लावून दिली, अशा मुलींचीही बाजू आहेच. ज्या लग्नाचा पाया सौदा, त्याला तडा गेल्यावर दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही.

गुन्हा आहे, तेव्हा कायदा हवा आणि तो कठोर हवा, याबद्दल दुमत नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने बनावट विवाह करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला आहे. एकदा असा ठपका आला, की पुढे खरे लग्न केले तरी त्याच्या आधारे प्रवेश मिळत नाही. यालाही आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याच्या वृत्तीला; आणि गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर ती वृत्तीच वारंवार प्रबळ ठरलेली दिसते.

१९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर काय घडले, ते स्मरणात ठेवण्यासारखे आहे. लग्नासाठी भारतातून तेथे गेलेल्या एका पस्तीस वर्षांच्या शिक्षिकेची, ती खरोखरच अविवाहित आहे काय हे ठरविण्यासाठी, शारीरिक तपासणी करण्यात आली. त्या वेळच्या नियमांनुसार वाग्दत्त वधूला आगाऊ व्हिसा लागत नसे, पण विवाहितेला लागत असे. सबब ही बाई विवाहित असून खोटे सांगत असावी, असा अधिकाऱ्यांना संशय आला. एका इंग्रजी वृत्तपत्राने ही गोष्ट चव्हाट्यावर आणताच भारतात संतापाची लाट उसळली आणि तो प्रकार बंद करावा लागला. स्त्रीच्या अब्रूपेक्षा आपला संशय मोठा मानणारी ही नोकरशाही स्वतःला सुसंस्कृत म्हणवीत होती, हे विशेष.

त्यानंतरच्या दशकात ब्रिटनने जो नियम राबविला, तो अधिक सभ्य भाषेत लिहिलेला होता, इतकेच. विवाह खरा आहे एवढे दाखवून भागत नसे. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा त्या विवाहाचा प्रमुख हेतू नव्हता, हेही अर्जदारानेच सिद्ध करावयाचे असे. नसलेला हेतू सिद्ध करावयाचा तरी कसा? या नियमाचा तडाखा मुख्यतः भारतीय उपखंडातील तरुणांना बसला. अधिकाऱ्यांचा युक्तिवादही पाहण्याजोगा होता. तुमच्या रूढीप्रमाणे वधू सासरी जाते. मग हा वर वधूच्या देशात का निघाला? अर्थात त्याला बायको नको, विलायत हवी आहे! आपल्याकडे घरजावई होणाऱ्याची चेष्टा होते, पण म्हणून त्याचे लग्नच खोटे ठरविण्याचा पराक्रम कोणी केला नव्हता. वडीलधाऱ्यांनी जुळविलेले लग्न म्हणजे संशयास्पद लग्न, हा ग्रह या नियमाच्या मुळाशी होता. हा नियम १९९७ च्या जूनमध्ये रद्द झाला. तोवर कित्येक जोडप्यांची उमेदीची वर्षे अपिले करण्यात सरली.

स्त्रीपुरुष भेदाच्या प्रश्नावर १९८५ साली स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनच्या विरुद्ध निकाल दिला. पतीला बोलावणाऱ्या स्त्रीला एक नियम आणि पत्नीला बोलावणाऱ्या पुरुषाला दुसरा, हा पक्षपात होय, असे न्यायालयाने म्हटले. त्यावर ब्रिटिश सरकारने काय केले? पतींना सवलत देण्याऐवजी पत्नींवरही तेच निर्बंध लादले आणि समानता साधली! पुढे २००५ साली परदेशी नागरिकांनी लग्नाआधी सरकारची खास अनुमती घ्यावी, असा दंडक आला. मात्र चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणाऱ्या विवाहांना त्यातून सूट होती. म्हणजे चर्चमधील लग्न विश्वासार्ह आणि मंदिरातील, मशिदीतील किंवा कचेरीतील लग्न संशयित. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ही योजना विवाहाच्या मूलभूत हक्काशी विसंगत ठरविली आणि २०११ साली ती गुंडाळावी लागली. ज्या पाद्र्याचा उल्लेख आम्ही वर केला, त्याने आपला व्यवसाय याच सवलतीच्या छायेत केला होता. कुंपण घातले ते भलत्याच बाजूला, ते असे.

अमेरिकेची कथा वेगळी नाही. १९८६ चा कायदा होण्यापूर्वी विवाहाच्या आधारे आलेल्या अर्जांपैकी सुमारे ३० टक्के बनावट असावेत, असे तेथील आप्रवासन खात्याच्या प्रमुखांनी लोकप्रतिनिधींपुढे सांगितले. या आकड्याने खळबळ माजली आणि कायदा संमत झाला. पुढे न्यायालयात त्या पाहणीची छाननी झाली तेव्हा कळले, की तो आकडा सिद्ध झालेल्या फसवणुकीचा नव्हताच. तो अधिकाऱ्यांना आलेल्या संशयाचा होता. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती पाहणी ग्राह्य नाही, हे खात्यालाच कबूल करावे लागले. संशयाची गणती करून तिला गुन्ह्याची गणती म्हणावे, याहून मोठी बनवाबनवी ती कोणती?

या कायद्याने नवविवाहित परदेशी जोडीदारास प्रथम दोन वर्षांचा सशर्त मुक्काम दिला. मुदत संपताना दोघांनी मिळून अर्ज केला, तरच तो कायम व्हावयाचा. वरवर पाहता ही तरतूद रास्त वाटते. परंतु नवरा मारहाण करीत असेल, तर त्या अर्जावर त्याची सही मिळविण्यासाठी बायकोने मुकाट्याने मार खावा, असा तिचा व्यवहारातील अर्थ झाला. कायद्याने दलालाच्या हातून काठी काढून घेतली आणि ती नवऱ्याच्या हाती दिली. हे ध्यानी आल्यावर १९९० व १९९४ साली दुरुस्त्या होऊन छळ सोसणाऱ्या पत्नीला स्वतंत्रपणे अर्ज करण्याची मुभा मिळाली. कॅनडाने २०१२ साली अशीच दोन वर्षांची अट घातली आणि २०१७ साली ती काढून टाकली. जे देश अनुभवाने शहाणे होतात, त्यांचे कौतुक केले पाहिजे. ब्रिटनने मात्र २०१२ साली ही परीक्षेची मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षे केली. शिवाय बोलावणाऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाची अट प्रथम १८,६०० पौंड घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेली. श्रीमंताच्या लग्नाची परीक्षा अशा अटीने होत नाही. रुग्णालयात झाडलोट करणाऱ्या किंवा गोदामात ओझी वाहणाऱ्या माणसाचा खरा संसार मात्र तिच्यामुळे दोन खंडांत विभागला जातो. दलाल तर उत्पन्नाचे कागदही पुरवितो!

आता आपल्या दाराशी येऊ. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा सांगता येतो, हे गोमंतकात सर्वश्रुत आहे. ते स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, हेही तितकेच खरे. ब्रिटन युरोपीय संघाचे नियम पाळीत होता तोवर, म्हणजे २०२० च्या अखेरपर्यंत, पोर्तुगीज पारपत्र धारण करणाऱ्याला आपल्या जोडीदारासह तेथे स्थायिक होताना उत्पन्नाची अट आड येत नसे. स्विंडन आणि साउथॉल येथील गोमंतकीयांच्या वस्त्या या वाटेनेही वाढल्या. त्यातील बहुसंख्य संसार खरे आणि कष्टाचे आहेत, याविषयी आम्हांला शंका नाही. पण या वाटेमुळे पोर्तुगीज पारपत्राला लग्नाच्या बाजारात भाव आला, हेही नाकारता येत नाही. आता ती वाट बंद झाली आहे. तरी ‘लिस्बनला नोंद झालेल्या’ स्थळाचे मोल अजून उतरलेले नाही. कारण युरोपातील अन्य देशांची दारे त्या पारपत्राला उघडी आहेत.

येथे गोव्याच्या विवाह कायद्याचे वैशिष्ट्य ध्यानात घेणे जरूर आहे. आपल्याकडे नागरी नोंदणीशिवाय विवाहाला कायद्याचे बळ येत नाही. प्रथम इराद्याची नोंद आणि ठरावीक मुदतीनंतर पक्क्या सह्या, अशा दोन पायऱ्यांनी तो पूर्ण होतो. व्हिसाची कागदपत्रे लवकर तयार व्हावीत म्हणून पुष्कळ घरांत या सह्या धार्मिक विधीच्या कित्येक महिने आधी उरकल्या जातात. घरातील मंडळींच्या लेखी तो साखरपुडा असतो. कायद्याच्या लेखी मात्र मुलगी त्या क्षणापासून विवाहिता असते. मध्यंतरी परदेशस्थ वराने विचार बदलला, तर मंगळसूत्र गळ्यात न पडलेल्या त्या मुलीला न्यायालयाची पायरी चढावी लागते. ‘नुसत्या सह्या तर करायच्या आहेत’ असे म्हणून मुलीला नोंदणी कचेरीत नेणाऱ्या पालकांनी याचा विचार केला आहे काय?

तरीही आमच्या मते ही नोंदणी म्हणजे अडचण नव्हे, तर ढाल आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक ठरते आणि पत्नी निम्म्याची धनीण होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली गोव्याच्या या समान कायद्याची वाखाणणी केली, ती उगाच नव्हे. परदेशात मुलगी देताना बापाने हुंड्याची नव्हे, या नोंदीची आणि लग्नापूर्वीच्या कराराची चौकशी करावी. जो वर नोंदणी टाळतो, किंवा घाईघाईने भलत्याच करारावर सही मागतो, त्याचा हेतू ओळखण्यास व्हिसा अधिकाऱ्याची गरज नाही.

बनावट विवाहाची आणखी एक जात आहे, आणि तिच्याकडे परदेशी सरकारे ढुंकूनही पाहत नाहीत. सुट्टीत यावयाचे, थाटात लग्न करावयाचे, मानपान घ्यावयाचे आणि ‘व्हिसा पाठवतो’ असे सांगून विमानात बसावयाचे, ते पुन्हा न येण्यासाठी! येथे लुबाडला जातो तो एखाद्या सरकारचा नियम नव्हे, तर एका मुलीचा जन्म. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली, ज्या कायद्याने लग्न लागले त्याच्याशी विसंगत असा परदेशी घटस्फोट येथे मान्य होणार नाही, असा दंडक घालून दिला. १९९४ साली, अशा परित्यक्तांना पोटगी आणि संरक्षण मिळावे यासाठी स्वतंत्र कायदा करण्याचा विचार व्हावा, असेही सुचविले. त्यानंतर पाव शतकाने, २०१९ च्या फेब्रुवारीत, अनिवासी भारतीयांच्या विवाहाची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे आणि ती न केल्यास पारपत्र अडकविण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेत मांडले गेले. पण ते संमत होऊ शकले नाही. २०२४ साली विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात व्यापक कायद्याची पुन्हा शिफारस केली. अहवालांनी कपाटे भरतात. परित्यक्तेच्या पदरात त्यातून काय पडले, हा आमचा दिल्लीला सवाल आहे.

मग उपाय कोणता? अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९७५ साली सांगितलेली कसोटी आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटते. लग्नाच्या वेळी दोघांचा एकत्र संसार थाटण्याचा हेतू होता काय, एवढेच पाहावे. पुढे त्यांचे पटले नाही, ती विभक्त झाली, एवढ्यावरून मूळ लग्न खोटे ठरत नाही. ही कसोटी प्रेमविवाहाला लागू पडते, तशी जुळविलेल्या विवाहालाही पडते. ती गरिबीला गुन्हा समजत नाही. तिला जोड हवी ती तीन गोष्टींची. एक, शिक्षेचा रोख पैसे घेऊन लग्ने जुळविणाऱ्या दलालांवर असावा. दुसरी, छळ सोसणाऱ्या वा टाकलेल्या जोडीदाराला मुक्कामाचा स्वतंत्र हक्क असावा. तिचे तेथील जीवन पतीच्या मर्जीवर टांगलेले असू नये. तिसरी, आपल्या सरकारने नोंदणीचा कायदा करून तिची खूण पारपत्रावर उमटवावी, म्हणजे इकडे एक आणि तिकडे दुसरी, असे दोन संसार मांडणे इतके सोपे राहणार नाही.

संशयी नियम सैल केले तर चोरांचे फावेल, असा आक्षेप घेतला जाईल. चोरांचे फावते ते नियम सैल असल्याने नव्हे, तर ते आंधळे असल्याने. सराईत दलाल छायाचित्रे जमवितो, एकाच पत्त्यावर दोघांची नावे लावतो आणि कोणी उशाची कोणती बाजू धरली याची उत्तरेसुद्धा पाठ करून घेतो. गडबडतो तो खरा नवरा. कारण त्याने आपल्या संसाराची उत्तरे कधी पाठ केलेली नसतात!

परदेशी सरकारांना शहाणपण शिकविणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते आपले घर. मुलगा काय करतो, कोठे राहतो, त्याच्यावर कोणाचा आधीचा हक्क तर नाही, याची चौकशी करण्याऐवजी त्याच्या पारपत्राच्या रंगावर भाळणारे आपणच आहोत. पूर्वी हुंडा रोख रकमेत मागितला जात असे. आता तो व्हिसाच्या रूपाने देऊ केला जातो आणि आपण तो आनंदाने पदरात घेतो. मुलीचे लग्न माणसाशी लावावयाचे की पारपत्राशी, हे जोवर आईबाप स्वतःशी ठरवीत नाहीत, तोवर कोणताही कायदा त्या मुलीला पुरा पडणार नाही.